दुसरे वस्त्र : वारीच्या वाटेवरील आतल्या कपड्यांचा इतिहास

ज्येष्ठ महिना लागला की आमच्या परभणी जिल्ह्याच्या रस्त्यांवर पताका दिसू लागतात. शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड असे मुक्काम करीत परळीच्या दिशेने उतरते. तिच्या आगेमागे लहानमोठ्या गावांच्या दिंड्या चालत असतात. शेगावपासून पंढरपूर सातशे किलोमीटरांच्या घरात, आणि गंगाखेडपासून मोजले तरी सुमारे अडीचशे. गंगाखेड हे गोदावरीकाठचे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. लहानपणी जनाबाई ज्या वाटेने पंढरपुरास गेल्या असतील, त्याच वाटेने आजही माणसे पायी जातात.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक बाई आहे, एक पुरुष. दरवर्षी आमचे विद्यार्थी रस्त्याकडेला एक टेबल मांडतात. पिण्याचे पाणी, चहा, पायांच्या फोडांवर मलम, चिखल्यांवर पावडर, असा साधा बेत असतो. काही वर्षांपूर्वी एका दिंडीतील पन्नाशीच्या बाई टेबलापाशी आल्या. त्यांना मलम हवे होते, पण पाय पुढे करीनात. शेवटी त्यांनी आमच्यापैकी एकीला बाजूला नेले आणि हलक्या आवाजात म्हटले, “पायाला काई नाही बाई. वर लागलंय. सांगावं कुणाला?”

दोन्ही मांड्यांची आतली बाजू सोलवटली होती. रात्री मुक्कामी धुतलेली निकर त्यांनी पथारीखाली दडपून ठेवली होती, कारण ती वाळत घालायला आडोसा नव्हता. आणि पहाटे ती तशीच ओली चढवून त्या चालू लागल्या होत्या. सहा दिवस असेच चालले होते. त्यांच्यापासून दहा पावलांवर, ट्रकला बांधलेल्या दोरीवर, पुरुषांची धोतरे, बनियने आणि लंगोट वाऱ्यावर फडफडत होते.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनातून गेला नाही. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ हे पुस्तक आम्ही वर्षानुवर्षे वर्गात वाचत आलो आहोत. त्यांच्या निमित्ताने भक्तीविषयी, जातींविषयी, पावसाविषयी आणि पायांविषयी पुष्कळ बोललो. मात्र चालणाऱ्या माणसाच्या अंगाला सर्वांत जवळ असणाऱ्या कापडाविषयी आम्ही वर्गात कधी एक शब्द काढला नाही. संकोच हे त्याचे कारण होते, हे मान्य केले पाहिजे. प्रस्तुत लेख हा त्या संकोचाची थोडीशी भरपाई आहे. लांब पल्ला चालणाऱ्याने आत काय घालावे, हा प्रश्न वाटतो तितका आजचा नाही आणि वाटतो तितका क्षुल्लकही नाही.

आरंभी शब्दांकडे पाहू. ‘अंतर्वस्त्र’ हा शब्द ग्रांथिक आहे; तो दुकानाच्या पाटीवर दिसतो, घरात कोणी उच्चारीत नाही. घरातला शब्द ‘आतले कपडे’. पुरुषांच्या बाबतीत मात्र मराठीने मोकळेपणाने नावे ठेवली आहेत : लंगोट, लंगोटी, कौपीन, चोळणा, जांघिया, चड्डी. लंगोटीयार या शब्दात बालपणीची मैत्री आहे, लंगोटी लावण्यात दारिद्र्य आहे, लंगोट कसण्यात पुरुषार्थ आहे. स्त्रियांसाठी असे रुळलेले देशी शब्द नाहीत. अमरकोशात ‘अर्धोरुक’ आणि ‘चंडातक’ असे अर्ध्या मांडीपर्यंतच्या स्त्रीवस्त्राचे शब्द आहेत, पण ते संस्कृतातच राहिले; मराठी बोलीत त्यांचा वारस उरला नाही. पुढे ‘निकर’ हा शब्द इंग्रजीतून आला आणि तोही दबक्या आवाजात वापरला जातो. ज्या वस्तूला मोकळे नाव नाही, ती उघड्यावर वाळत घालता येत नाही, असे म्हणावेसे वाटते.

आता मागे जाऊ. गोदावरीकाठाहून निघालेल्या लांब पायी प्रवासाची एक जुनी कथा सुत्तनिपातात आहे. बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाचे सोळा शिष्य गोदावरीच्या तीरावरून निघाले आणि पतिट्ठान म्हणजे आजचे पैठण, माहिष्मती, उज्जयिनी असे टप्पे घेत बुद्धाच्या भेटीस उत्तरेत गेले. ते काय नेसून चालले हे त्या कथेत येत नाही. परंतु ज्या भिक्खुसंघाकडे ते निघाले होते, त्या संघाने या प्रश्नाचा बारकाईने विचार केला होता. भिक्खूला तीन चीवरे ठेवण्याची मुभा होती. कमरेखाली नेसावयाचे ते अंतरवासक, वर पांघरायचे ते उत्तरासंग आणि जाडसर दुहेरी ती संघाटी. वर्षातले आठ महिने पायी फिरणाऱ्या माणसाची एवढीच कापडाची मालमत्ता.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचेचा विकार झाला. अंगावरच्या फोडांतील लसीने चीवर त्वचेला चिकटे आणि इतर भिक्खू पाणी लावून लावून ते सोडवीत. बुद्धाने ते पाहिले, चौकशी केली आणि खाज, फोड, वाहती जखम असे विकार असणाऱ्यांना आणखी एक वस्त्र वापरण्याची अनुज्ञा दिली. त्याचे नाव ‘कंडुपटिच्छादि’, म्हणजे खाज झाकणारे वस्त्र. नाभीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर येईल असे ते कापड. त्याचे मापही नियमात बांधून दिले आहे : सुगताच्या वितीने लांबी चार विती, रुंदी दोन विती. चालणाऱ्याच्या जांघेच्या सोयीसाठी, वैद्यकीय कारणाने, मोजमाप ठरवून दिलेले इतके जुने वस्त्र आमच्या तरी माहितीत दुसरे नाही.

याच ग्रंथात विशाखेची कथा आहे. पावसात भिक्खू उघड्याने स्नान करतात असे तिच्या कानी आले, तेव्हा तिने त्यांना पावसाळ्यात स्नानासाठी वेगळे वस्त्र आणि भिक्खुणींना नदीत स्नानासाठी वेगळे वस्त्र देण्याची परवानगी मागून घेतली. भिक्खुणींच्या नियमांत ‘आवसथचीवर’ नावाचे आणखी एक वस्त्र येते. मासिक पाळीच्या दिवसांत वापरायचे हे कापड संघाच्या सामाईक मालकीचे असे. ते ठराविक दिवस वापरून दुसरीसाठी मोकळे करावे लागे, आणि एक भिक्खुणी ते अडवून ठेवी म्हणून नियम करावा लागला.

या तिन्ही नियमांत आम्हांस एकच सूत्र दिसते. ज्या संघाने मालमत्ता तीन वस्त्रांवर आणून ठेवली, त्याला चौथ्या वस्त्रासाठी जागा करावी लागली. वैराग्याच्या तत्त्वाला त्वचेने घातलेली ही मर्यादा होय. कापड तलम की जाडेभरडे, हा वाद तेथे नाही. ओले किंवा मळलेले वस्त्र उतरवल्यावर चढवायला कोरडे दुसरे आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

महाराष्ट्रात पायी भटकंतीला धर्माचे स्थान देणारे पंथ पुढेही झाले. महानुभावांत ‘अटन’ हा आचारच होता, आणि वारकऱ्यांनी तर चालणे हीच उपासना मानली. वारकरी परंपरेच्या आरंभी आमच्या भागातली दोन नावे आहेत, ही गोष्ट येथे आठवावी. नामदेवांचे नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. नामदेवांचे घराणे शिंप्याचे, आणि त्या घरात राबणाऱ्या जनाबाई गंगाखेडच्या. परंपरा सांगते की विठ्ठल जनीबरोबर दळू लागला, शेण्या वेचू लागला आणि धुणीही धुऊ लागला. देव बाईचे धुणे धुतो, ही कल्पना करण्याचे धैर्य आमच्या संतपरंपरेत आहे. ते धुणे वाळत कोठे घातले, हे मात्र कोणी विचारलेले दिसत नाही.

लांब चालण्यासाठी पुरुषाने जे वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या वापरले ते लंगोट. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. करदोड्यात अडकवलेली अरुंद पट्टी ती लंगोटी. आणि त्रिकोणी कापडाला बंद लावून कमरेभोवती घट्ट बांधायचा तो तालमीतला लंगोट. दोन्हींत शिवण मांडीच्या आतल्या बाजूस येत नाही. कापड कमी असल्याने ते मांड्यांत गोळा होत नाही. करदोडा किंवा बंद रोज हवा तितका सैल वा घट्ट करता येतो. धुऊन पिळला की खांद्यावर टाकून तासाभरात वाळतो. त्यावर धोतर. धोतराचा काचा मागे खोवला की दोन मांड्यांमध्ये कापडाचा एक थर येतो आणि कातडीला कातडी घासत नाही. चालताना होणारी जखम ही बहुधा या घासण्याचीच असते. घामाने ओलसर झालेली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा अधिक घासली जाते आणि घाम सुकल्यावर उरलेले मीठ त्यात भर घालते. लंगोट आणि धोतर ही जोडी या दोन्ही गोष्टींवरचा उपाय होती. काच टाळण्यासाठी काचा, असे गमतीने म्हणता येईल. व्युत्पत्ती म्हणून नव्हे.

स्त्रियांकडे लंगोट नव्हता, पण नऊवारी होती. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास कापड. त्याचा काष्टा दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोवला की ते एकच वस्त्र बाहेरचेही होते आणि आतलेही. लुगड्याच्या आत परकर नसे आणि वेगळी निकर घालण्याची रीत सर्वत्र नव्हती. तिची फारशी गरजही भासत नसे, कारण प्रत्येक मांडीला तिचे स्वतंत्र आवरण मिळे. शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या, डोक्यावर ओझे घेऊन बाजाराला जाणाऱ्या आणि वारीत चालणाऱ्या बाईचे हे वस्त्र होते. आजही दिंडीत सत्तरीच्या आजीबाई काष्टा मारून झपाझप पुढे जातात आणि चाळिशीतल्या सुना मागे रेंगाळतात. त्यात सवयीचा वाटा मोठा आहे, परंतु वस्त्राचाही आहे.

मात्र येथे जुन्याचा गौरव करून थांबणे आम्हांस रास्त वाटत नाही. नऊवारीचा सारा भार कमरेवरच्या गाठीवर येतो. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या गाठीने त्वचा काळी पडते, सोलते, क्वचित तेथे न भरणारी जखम होते. वर्धा आणि मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अशा जखमेतून कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील एक परकराची नाडी घट्ट बांधीत असे, तर दुसरी परकराविना लुगडे नेसणारी होती. असे रुग्ण विरळाच. तरीही जुने ते सारे सोयीचे होते, हा समज त्यातून तपासून घ्यावा.

आणखी एक गोष्ट. नऊवारी बाईला दोन लुगडी असतील तर आलटून पालटून नेसता येत. गरिबाघरी एकच धड लुगडे आणि एक जुनेर असे. मग नदीवर अर्धे लुगडे अंगावर आणि अर्धे वाऱ्यावर, असे करूनच ते वाळवावे लागे. वारीत आजही दोघी बायका एका धुतलेल्या साडीची दोन टोके धरून चालताना दिसतात; चालता चालता साडी वाळते. छायाचित्रकारांना हे दृश्य फार आवडते. आम्हांलाही आवडे. आता त्या दृश्याकडे पाहताना मनात येते की साडी अशी वाळवता येते, निकर येत नाही.

विसाव्या शतकात दोन बदल झाले आणि त्यांनी चालणाऱ्याच्या आतल्या कपड्याचे स्वरूप पालटले. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली. सेलू, मानवत येथील कापूस त्या वाटेने बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे कापड आत येऊ लागले. कापूस पिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्याने स्वतःच्या अंगाला लागणारे कापड मात्र बहुधा बाहेरूनच घेतले. मांजरपाट आणि पट्ट्यापट्ट्यांचे सुती कापड गावोगावच्या शिंप्यांकडे पोचले आणि नाडीची ढगळ चड्डी हे मराठवाड्यातील पुरुषाचे नवे आतले वस्त्र झाले. आमच्या वडिलांच्या पिढीने ती आयुष्यभर वापरली. घरात, शेतात, ओट्यावर ती बाहेरचे वस्त्र म्हणूनही चाले. एका बाजूला खिसा, त्यात चंची. हवा खेळती राही, कापड लवकर वाळे. लांब चालण्यास मात्र ती लंगोटाइतकी बरी नव्हती. ढगळपणामुळे कापड वर सरकून जांघेत गोळा होते आणि आसनाचा, म्हणजे दोन पायांमधला, शिवणीचा जाड जोड नेमका घासण्याच्या जागी येतो. म्हणूनच जुने वारकरी घरी चड्डी घालीत असले तरी वारीला निघताना लंगोट बांधीत.

दुसरा बदल स्त्रियांचा, आणि तो अधिक खोल. नऊवारी मागे पडून गोल नेसण्याची पाचवारी-सहावारी साडी आली. शिक्षण, नोकरी, शहरी राहणी, किंमत, सारीच कारणे त्यामागे होती. गोल साडीबरोबर परकर आला, परकराबरोबर नाडी आली. काष्टा गेला आणि त्याबरोबर दोन मांड्यांमधला कापडाचा थरही गेला. पूर्वी जे काम एका वस्त्राचे होते ते आता वेगळ्या निकरेने करावयाचे होते. म्हणजे स्त्रीला आत घालायचे स्वतंत्र वस्त्र गरजेचे झाले, पण ते विकत घेण्याचा पैसा नवऱ्याच्या खिशात, ते आणण्याचा बाजार पुरुषांचा आणि ते वाळवण्याची जागा दुसऱ्या कपड्याच्या खाली. वेशभूषेच्या इतिहासात गोल साडी ही आधुनिकतेची खूण म्हणून सांगितली जाते. चालणाऱ्या बाईच्या मांडीला त्या आधुनिकतेची काय किंमत पडली, हे त्यात येत नाही.

याच काळात पश्चिमेत काय चालले होते, ते थोडक्यात पाहणे उपयोगी पडेल. १८७४ साली अमेरिकेत खडबडीत रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यांसाठी पट्ट्यांचे एक आधारवस्त्र तयार झाले. आपल्या लंगोटाचेच ते भावंड. १८८० च्या दशकात गुस्ताव्ह येगर या जर्मन प्राध्यापकाने अंगालगत केवळ लोकरच घालावी असा प्रचार केला. त्याच्या नावाने लंडनमध्ये निघालेल्या कंपनीचे कपडे पुढे शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेनेही नेले. १९३५ च्या जानेवारीत शिकागोच्या एका दुकानात आखूड, अंगाबरोबर बसणारी ‘जॉकी’ पद्धतीची चड्डी प्रथम विक्रीस आली. १९५८ साली जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा धागा सिद्ध केला. तेव्हापासून लांब चालणाऱ्यांसाठी अर्ध्या मांडीपर्यंत येणारी, शिवणी बाजूला सरकवलेली, चटकन वाळणारी चड्डी बनवणे शक्य झाले. तेथील गिर्यारोहक थंडीत सुती कापडाला भितात, कारण ओला कापूस अंगातली ऊब ओढून घेतो.

आमच्याकडे हे सारे गाळून, उशिरा आणि अर्धवट आले. आमच्या लहानपणी, १९८० च्या दशकात, आठवडी बाजारात इलॅस्टिकच्या चड्ड्यांचे ढीग दिसू लागले. पुढे लक्स, रूपा, व्हीआयपी यांच्या पाट्या तालुक्याच्या दुकानांवर चढल्या. इलॅस्टिकने नाडीची गाठ सोडवली खरी, पण करदोड्याची एक सोय गेली : रोज हवे तितके सैल करण्याची. स्वस्त चड्डीचे इलॅस्टिक जांघेतच रुततेे, आणि सकाळी न टोचणारी कड पंधरा किलोमीटरांनंतर सुरीसारखी लागते. त्यातच कापडात पॉलिएस्टरचा वाटा वाढला. कापूस हवेतूनच आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. त्यामुळे पॉलिएस्टर लवकर वाळते, पण घट्ट विणीचे असेल तर घाम अंगावरच राहतो. सुती कापड घाम पिते, पण आषाढातल्या दमट हवेत रात्रभर वाळत नाही. दोहोंपैकी एक निर्विवाद चांगले, असे उत्तर या वाटेवर नाही.

ओल्या कापडाचे पर्यवसान पुष्कळदा गजकर्णात होते. गेल्या दशकभरात भारतात या बुरशीच्या विकाराने चिवट रूप धारण केले आहे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या एका बुरशीला तर २०२० साली भारताच्या नावावरून ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव पडले. दुकानात सहज मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी पसरत राहते. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीविना विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. दिंडीतल्या पिशवीत मात्र तीच ट्यूब अजून सापडते. हे सांगण्याचे कारण असे की आमच्या टेबलावरही एके काळी तसली ट्यूब होती. आता नाही.

मांड्या फक्त वारकऱ्यांच्याच सोलवटतात असे नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांचे फुटलेले तळवे साऱ्या देशाने पाहिले. २०२० च्या टाळेबंदीत शेकडो किलोमीटर चालत घरी निघालेल्या मजुरांचेही पायच दिसले. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी संतांच्या पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या, वारी पायी झाली नाही. रस्त्यांवर चालत होती ती केवळ नाइलाजाची माणसे. त्यांच्यापाशी दुसरे वस्त्र होते का, ते धुवायला पाणी होते का, वाळवायला थांबता आले का, हे कोणी विचारले नाही. पायांचे छायाचित्र घेता येते. बाकीच्या जखमेचे घेता येत नाही, म्हणून ती इतिहासात येत नाही.

एवढे सारे पाहिल्यावर, लांब चालणाऱ्याने काय निवडावे, या मूळ प्रश्नाला काही सरळ उत्तरे देता येतात. वस्त्र अर्ध्या मांडीपर्यंत यावे, म्हणजे कातडीला कातडी लागणार नाही. ते ढगळ नसावे आणि रुतणारेही नसावे. खाली बसून, मांडी घालून, जिना चढून पाहावे. शिवण मांडीच्या आतल्या बाजूस नसावी. कापड पातळ असावे. सुती घेतले तर विरळ विणीचे आणि नेहमीचे वापरलेले, कोरे करकरीत नव्हे. नवे वस्त्र घालून वारीला निघू नये, हे जुने वारकरी चपलांविषयी सांगतात ते येथेही लागू आहे. निघण्यापूर्वी मांड्यांना खोबरेल तेलाचा हात फिरवावा. काष्ट्याची सवय असणाऱ्या बाईने इतरांच्या सांगण्यावरून तो सोडू नये, फक्त गाठीची जागा रोज थोडी बदलावी. गोल साडी किंवा सलवार घालणारीने आत लांब निकर घालावी. खाज आली तर डॉक्टरला दाखवावे. दुकानदाराला विचारू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, वस्त्रे किमान तीन असावीत : एक अंगावर, एक कोरडे पिशवीत आणि एक वाळत. दुपारच्या विसाव्यात घामाचे उतरवून कोरडे चढवावे. ओल्या महागड्या कपड्यापेक्षा कोरडे साधे मांजरपाट बरे. बेलट्ठसीसाच्या गोष्टीचे तात्पर्य तेच होते आणि अडीच हजार वर्षांत त्यात फरक पडलेला नाही.

तथापि हा सल्ला लिहिताना आम्हांस आमची अडचण जाणवते. तीन निकरा घेणे त्या बाईंनाही जमले असते. पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न होता. त्यांच्याजवळ खरे तर दोन होत्याच. नव्हती ती दोरी. दुसरे वस्त्र असणे आणि ते उन्हात घालता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पैशाची, दुसरी समाजाची. पुरुषाच्या लंगोटाला हजार वर्षे ऊन मिळाले, म्हणून तो आरोग्याचे वस्त्र ठरला. बाईची निकर अंधारात राहिली, म्हणून ती दुखण्याचे कारण झाली. कापड दोन्हीकडे तेच.

पुढच्या वर्षी आम्ही टेबलाच्या मागे एक कनात लावली, आत पाण्याची टाकी ठेवली आणि दोन खांबांमध्ये उन्हाच्या बाजूने दोरी बांधली. वरून छत नव्हते, ऊन सरळ आत येई. विद्यार्थिनींनी पुठ्ठ्यावर ‘फक्त महिलांसाठी – कपडे वाळवण्याची जागा’ असे लिहिले. पहिला तासभर कोणी आत गेले नाही. मग एक आजी गेल्या, त्यांच्या मागोमाग चौघी. दुपारच्या विसाव्यापर्यंत दोरीवर जागा उरली नव्हती आणि आमच्या मुलांना सुतळीचे आणखी एक बंडल आणायला धावावे लागले.